अकाउंट्सचं काम आपल्या स्वभावाला जुळेल का? ठाणे-नवी मुंबईचा अनुभव धागा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी तेच ऐकू येतं: "गणित बरं आहे ना, मग अकाउंट्स घे." पण रोजच्या कामात गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी, त्यापलीकडे फारसं काही नाही. खरा प्रश्न स्वभावाचा आहे. ठाणे आणि नवी मुंबईत जे रोज हिशेब हाताळतात त्यांनी इथे लिहावं: तुमच्या जागी नेमकं काय करावं लागतं, काम कुठे अडतं आणि कसल्या माणसाला ते मानवतं. स्वतःची कहाणी नको, कामाचा तपशील द्या. वाचणाऱ्या मुलामुलींना त्यावरून स्वतःला ताडून पाहता आलं पाहिजे.

वागळे इस्टेट, लघुउद्योगाचे लेखापाल

माझ्या मते सगळ्यात मोठी परीक्षा फरक शोधण्याची. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरच्या, म्हणजे एका व्यवहाराच्या नोंदीच्या, जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ते सेव्ह होत नाही, त्यामुळे ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, जुन्या भाषेतली तेरीज, नेहमी जुळलेलीच दिसते. नवीन मुलं त्यावर विसंबतात. चूक उघडी पडते ती बँकेशी मेळ घालताना.

उदाहरण घ्या. पुस्तकात बँकेची शिल्लक २,८४,३०० आहे. दिलेले पण अजून न वटलेले चेक ३६,५०० चे, ते मिळवा. भरलेला पण जमा न झालेला चेक १२,००० चा, तो वजा करा. बँकेने कापलेले ३५४ वजा करा. उत्तर येतं ३,०८,४४६ आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवतं ३,०८,९८६. फरक ५४० चा. या ५४० ला ९ ने भाग जातो, म्हणजे आधी उलटे पडलेले अंक शोधायचे: ६,३९० चं पेमेंट ६,९३० असं टाकलंय का? तसं नसेल तर निम्मी रक्कम शोधायची, २७० ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली असेल. आणि ते ३५४ सुद्धा सगळे खर्चात टाकायचे नाहीत. ३०० बँकेचा आकार आणि ५४ जीएसटी, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून ते वजा होतात.

आता स्वतःला विचारा. ५४० चा फरक पाहून "किरकोळ खर्चात टाकून मोकळे होऊ" असं वाटतं, की तो सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही? पहिलं उत्तर असेल तर नीट विचार करा. निव्वळ फरक ५४० असला तरी त्याखाली ५०,००० आणि ४९,४६० च्या दोन उलटसुलट चुका लपलेल्या असू शकतात.

तुर्भे एमआयडीसी, जीएसटी आणि टीडीएस पाहणाऱ्या

दादांनी फरकाचं लिहिलं, मी तारखांचं लिहिते. महिना असा जातो: ७ तारखेला टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (आपल्या विक्रीच्या बिलांचं विवरण), १४ ला जीएसटी पोर्टलवर २बी (आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) तयार होतं, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी (आरोग्य विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरायचं विवरण). पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्याला दर आठवड्याला नवं काहीतरी लागतं त्याला सहा महिन्यांत याचा कंटाळा येतो. ज्याला ठरलेल्या चाकोरीत निर्धास्त वाटतं तो इथे फुलतो. दोन्ही स्वभाव चांगलेच, पण आपला कुठला हे आधी ओळखावं.

आणखी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. हे काम टेलिफोनचंही आहे. पुरवठादाराने मुदतीत त्याचं जीएसटीआर-१ भरलं नाही तर त्याचं बिल आपल्या २बीमध्ये येत नाही आणि त्या महिन्याचं क्रेडिट अडकतं. दोन लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये खिशातून आधी भरावे लागतात. म्हणून ८ ते १० तारखेला यादी समोर ठेवून एकेकाला फोन करावा लागतो. तिमाही विवरण भरणाऱ्यांची बिलं १३ पर्यंत अपलोड होऊ शकतात, त्यांची यादी वेगळी ठेवायची. आवाज न चढवता, रोज, त्याच माणसाकडे तगादा लावता आला पाहिजे. लाजाळू मुलांनाही हे शिकता येतं, पण "मला कोणाशी बोलायला नको म्हणून अकाउंट्स" हे गणित चुकतं.

बिलांचे नंबर जुळवताना डोळा तिखट लागतो. "०४५/२४" आणि "४५/२४" पोर्टलला वेगळे वाटू शकतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, त्यातला सुरुवातीचा २७ म्हणजे महाराष्ट्र. बिल करणाऱ्याचा २७ असेल, माल महाराष्ट्रातच पोहोचवलेला असेल आणि बिलात आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लावलेला दिसला, तर तिथेच थांबायचं.

वाशी, एपीएमसीत आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारे

इथला हिशेब वातानुकूलित खोलीत होत नाही. पहाटे गाड्या लागतात, हमालांची ये-जा, लिलावाचा गलका आणि त्यातच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबाची पावती, करायची. ४२ गोणी कांदा, वजन २,०९६ किलो, भाव १८, म्हणजे ३७,७२८. त्यातून हमाली, तोलाई, वाराई आणि गाडीभाडं वजा करून खालची रक्कम शेतकऱ्याला. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, इथे कापायची नाही. २०१६ पासून फळं, भाजीपाला, कांदा-बटाट्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची. जुन्या सवयीने ती पट्टीत आली तर ती नुसती हिशेबातली चूक राहत नाही, शेतकऱ्याचे पैसे जातात.

सगळ्या गोण्यांना एकच भाव मिळत नाही. मोठा, मध्यम, गोल्टी (बारीक कांदा) असे भाग पडतात आणि वजनाची बेरीज काट्याच्या चिठ्ठ्यांशी जुळावी लागते. तोंडी हिशेब पक्का हवा, माणसांची भीड नको आणि पहाटे उठायची तयारी हवी. शांतपणे एका जागी बसून काम करायचं असेल तर बाजार नको, पण फक्त तेवढ्यासाठी हा व्यवसाय सोडू नका. वरच्या दोघांची कामं पाहा.

सीबीडी बेलापूर, कस्टम क्लिअरिंगच्या हिशेबाचं काम

थोडक्यात लिहितो. न्हावा शेवा बंदरातल्या प्रत्येक कंटेनरमागे पावत्यांचा गठ्ठा असतो: शिपिंग लाइन, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम), वाहतूक, स्टॅम्प ड्युटी. ग्राहकाच्या वतीने, त्याच्याच नावाच्या पावतीवर भरलेले पैसे जशास तसे वसूल करायचे असतात, त्यावर आपला कर नाही. आपल्या एजन्सी आकारावर १८ टक्के जीएसटी. एक पावती चुकीच्या जॉब नंबरला (प्रत्येक कामाला दिलेल्या क्रमांकाला) लागली की एका ग्राहकाला जास्त बिल जातं, दुसऱ्याचं नुकसान आपल्या पदरात येतं. ज्यांच्या कपाटात, दप्तरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते त्यांना हे आवडतं.

घोडबंदर रोड, गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणाऱ्या

इथे आकड्यांइतकीच माणसं सांभाळावी लागतात. १८० सदनिका म्हणजे १८० जण बिलाबद्दल विचारणार. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, तो देखभाल खर्चात मिसळायचा नाही, वेगळा गुंतवायचा. बिनवापर शुल्क, म्हणजे सदनिका भाड्याने दिल्यावर मालकाला लागणारं शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. दरमहा वर्गणी ७,५०० च्या वर गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तर जीएसटीचा विचार करावा लागतो. हे सगळं निवृत्त काकांना, घाईत असलेल्या ताईंना, चिडलेल्या भाडेकरूलासुद्धा सोप्या मराठीत समजावता आलं पाहिजे. समजावण्यात ज्याला समाधान वाटतं त्याने या कामाकडे जरूर पाहावं. हे काम घरून सुरू करता येतं.

नौपाडा, सीएच्या कार्यालयात आर्टिकल्सचं काम तपासणाऱ्या

सीए की नुसतं अकाउंट्स, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीएला फाउंडेशनचे चार, इंटरचे सहा, फायनलचे सहा पेपर आणि नव्या योजनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. प्रत्येक विषयात ४०, ग्रुपमध्ये (एकत्र धरलेल्या पेपरांच्या गटात) एकूण ५० टक्के. एका विषयात ३९ आले तर तो ग्रुप गेला. नापास होऊन पुन्हा त्याच पुस्तकाला बसायची ताकद, ही इथली पात्रता. पण सीए न झालेली कितीतरी माणसं उत्तम लेखापाल असतात, हे पालकांनी ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट "नाही" म्हणण्याची. मालक म्हणतो, बिलाला मागची तारीख टाक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, तेव्हा लपत काहीच नाही. तरी आग्रह होतोच. नम्रपणे पण ठाम नकार देता येत नसेल तर तो शिकावा लागेल, टाळता येणार नाही.

फी भरण्याआधी घरच्या घरी चाचणी करा, चार संध्याकाळी पुरतात. घरच्या एका बँक खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. प्रत्येक नोंद आठ-दहा खात्यांत वाटा: किराणा, वीज, प्रवास, औषधं. एटीएममधून काढलेले पैसे खर्च नव्हेत, बँकेतून रोखीत गेले. क्रेडिट कार्डचं बिल भरणं हाही खर्च नव्हे, खर्च कार्ड वापरलं त्या दिवशीच झाला. कर्जाच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं काढा. सोसायटीची तिमाही वर्गणी तीन महिन्यांत वाटा. शेवटी आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर अखेरची शिल्लक, पैशापर्यंत.

मग उत्तरापेक्षा स्वतःकडे पाहा. ओळख न पटलेल्या यूपीआयच्या नोंदी आईला, बाबांना विचारून सोडवल्या की "इतर"मध्ये ढकलल्या? चौथ्या दिवशी "इतर" खात्यात किती नोंदी उरल्या, ते मोजा आणि इथे लिहा.