पहिला अल्बम, चार गायक, एक वाद्यवृंद: एकाच माणसाचं काम वाटावं कसं?

अनवट

नमस्कार मंडळी. आजवर नाटकांना आणि माहितीपटांना पार्श्वसंगीत देत आलो. तिथं आपलं नाव शेवटच्या पाटीवर येतं, तेही लोक उठायला लागल्यावर. आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं अल्बम करतोय. मी गात नाही (गाऊ नये याबद्दल घरात एकमत आहे), म्हणून चार गायक-गीतकार बरोबर घेतलेत. गाणी नऊ. पाच आम्ही जोडीनं बसून बांधलेली, दोन पारंपरिक, दोन निव्वळ वाद्यांची. बाज लोकगीताचा: गिटार, बँजो, फिडल, साधी चाल, कडवं आणि ध्रुवपद. भोवती तंतुवाद्यांचा छोटा ताफा, दोन हॉर्न, एक क्लॅरिनेट.

कच्ची रेकॉर्डिंगं ओळीनं लावली की चार वेगवेगळ्या लोकांची गाणी कुणीतरी एकत्र करून दिल्यासारखी वाटतात. एक जण माईकला ओठ लावून कुजबुजते, दुसरा मोकळ्या गळ्यानं घर दणाणून सोडतो. सूत्र हवं म्हणून चार स्वरांची एक खूण सगळ्या गाण्यांत पेरली. गायकांचं म्हणणं, जाहिरातीची धून वाटते.

शिवाय काही गाणी क्लिकशिवाय (कानात मेट्रोनोमचे ठोके न घेता) झाली आहेत, गिटार आणि आवाज एकदमच. कडवं संपलं की गायिका थबकते, श्वास घेते, मग पुढं जाते. ते थबकणं मला गमवायचं नाहीये. पण त्यावर वाद्यवृंद बसवायचा कसा?

आणि ही कुजबुजणारी काळी चारच्या (म्हणजे ए फ्लॅटच्या) खाली यायला तयार नाही. गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा), बोटं जी मेजरची. व्हायोलिनवाले ए फ्लॅटचं पान बघून तोंड वाकडं करणार.

---

मागची_रांग

आधी ती खूण काढून टाका. पार्श्वसंगीतात ती लागते, कारण पात्र पुन्हा आलंय हे कानाला सांगायचं असतं. इथं पात्र स्वतःच गातंय, त्याची ओळख करून द्यायला तुम्ही कशाला?

मी व्हायोला (व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुराचं भावंड) वाजवते, त्यामुळे माझं मत थोडं मागच्या रांगेतूनच येणार. आमच्यापुढे लोकगीताच्या बाजाची गाणी येतात तेव्हा संगीतकार पहिल्या ओळीपासून सगळ्यांना लांब सूर धरायला लावतो. कागदावर ते भरगच्च दिसतं. पण गिटारवर बोटांनी छेडलेल्या गाण्यात ताल, सूर आणि खर्ज आधीच असतो, गाणं पुरं झालेलं असतं. मग आम्ही तिथं नक्की काय भरतोय, हे प्रत्येक बारला (नोटेशनमधल्या मात्रांच्या प्रत्येक गटाला) विचारा. दोन कडवी आम्हाला गप्प बसवा. तिसऱ्यात फक्त दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला आणा, तेही गायिका ओळ संपवून श्वास घेते त्या फटीत. अल्बम तुमचा आहे हे तिथं कळेल. आम्ही कधी येतो आणि कधी येत नाही, हा निर्णय नऊही गाण्यांत एकाच डोक्यातून आलेला असतो.

आता काळी चार. कृपा करून तिला खाली ओढू नका. पट्टी जी असेल तर व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा त्या सप्तकातल्याच, त्या आपोआप घुमतात आणि सगळं लखलखीत होतं. ए फ्लॅटमध्ये डी, ए, ई तिन्ही बाद. उरतो जी, तोही निषाद म्हणून. त्यामुळे व्हायोलिनचा आवाज जरा झाकलेला, लोकरीच्या शालीतून आल्यासारखा येतो. गिटारला कॅपो आहे, म्हणजे तिच्या मोकळ्या तारा मात्र पूर्ण घुमणार. गिटार उजळ, तंतुवाद्यं मंद आणि वर कुजबुजता आवाज. हे मुद्दाम करायला गेलात तरी इतकं नेमकं जमणार नाही. आमच्या व्हायोलाची सर्वांत खालची तार सी, म्हणजे तिथला गंधार. मधली चाल आम्हाला द्या, आम्ही सुखी. वाकडी तोंडं पुढच्या रांगेत.

एकच बघा. चार फ्लॅटच्या या पट्टीत मोकळ्या तारांचा आधार जवळजवळ नसतो, त्यामुळे सूर लावायला वादक पक्के हवेत. हौशी गट असेल तर या गाण्याची तालीम आधी घ्या, दिवसाच्या शेवटी ठेवू नका. आणि पानं छापताना बार क्रमांक प्रत्येक ओळीला टाका, पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारवर येऊ द्या. नाटकवाले हे हमखास विसरतात.

---

खोली_नंबर_दोन

रेकॉर्डिंगच्या बाजूनं लिहितो.

क्लिक नसलेल्या गाण्यांना आता क्लिक लावायच्या भानगडीत पडू नका. झालेल्या टेकवर (रेकॉर्डिंगवर) हातानं मात्रा ठोकून टेंपो मॅप, म्हणजे लय कुठं पळते-रेंगाळते याचा नकाशा, बनवता येतो, आणि नोटेशनचे बार जागेवर यायला तो हवाच. पण पळणारा-रेंगाळणारा क्लिक वादकांच्या कानात सोडला की ते गाण्याऐवजी क्लिकचा पाठलाग करतात. त्यांच्या हेडफोनमध्ये गायिकेचा श्वास मोठा करा आणि समोर हात दाखवणारा माणूस उभा करा. हार्प वाजवत गाणाऱ्या जोआना न्यूसमच्या २००६ सालच्या 'ईस' (Ys) या अल्बमात हार्प आणि आवाज आधी रेकॉर्ड झाले, व्हॅन डाइक पार्क्सनं वाद्यवृंद नंतर त्यावर लिहिला. लांबलचक, वळणं घेणारी गाणी आहेत ती, आणि वाद्यवृंद तिच्या मागोमाग चालतो. दुसरा रस्ता म्हणजे सगळ्यांना एकदमच बसवायचं. तेव्हा व्हायोलिन गायकाच्या माईकमध्ये शिरणार, मग एक शब्द चुकला तरी अख्खा टेक पुन्हा.

सगळं एका माणसाचं वाटण्यासाठी माझा उपाय साधा आहे: एकच खोली. तंतुवाद्यं जिथं रेकॉर्ड कराल तिथं लांबवर दोन माईक कायमचे ठेवा, जागा टेपनं आखून. मग चारही गायकांचे कोरडे (खोलीचा घुमारा नसलेले) आवाज स्पीकरमधून त्याच खोलीत वाजवा आणि त्या दोन माईकवर पुन्हा घ्या. मिक्समध्ये हे अगदी थोडं मिसळलं तरी कुजबुजणारी आणि दणाणून सोडणारा एकाच छताखाली येतात. रिव्हर्बच्या प्लगइननं (घुमारा देणाऱ्या सॉफ्टवेअरनं) ही गोष्ट पूर्ण साधत नाही, कारण वादकांच्या खुर्च्या आणि अंगावरचे कपडेसुद्धा त्या खोलीच्या आवाजात असतात.

वादक कमी असतील तर चौघांनाच तीनदा वाजवायला लावून बारा केल्याचा मोह होतो. तेच हात, तीच वाद्यं, तोच कंप, त्यामुळे बारा वाटतच नाहीत. प्रत्येक वेळी खुर्च्या बदला, व्हायोलिनवाल्यांना एकमेकांचा भाग द्या, जमलं तर वाद्यंही बदलून घ्या.

गिटार आणि चेलो यांची हाणामारी होणारच. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झ, चेलोची सी ६५, आणि दोघांचा गाळ २०० ते ४०० हर्ट्झमध्ये साचतो. मिक्समध्ये इक्यूनं तो पट्टा कापण्याआधी लिहितानाच चेलो वर घ्या.

मागची_रांग ताईंशी एका बाबतीत असहमत. दोन कडवी गप्प बसायचं हे आता इतकं झालंय की ऐकणारा तिसऱ्या कडव्याची वाटच बघत बसतो. एखाद्या गाण्यात वाद्यवृंद पहिल्याच ओळीला आणा आणि मग काढून घ्या.

---

धृपद_पुन्हा

मी अशा दोन अल्बममध्ये पाहुणी म्हणून गायले आहे, तर त्या बाजूनं. पैशाचा आणि नावाचा कागद आत्ता करा, मिक्स ऐकून सगळे खूश असताना नको. त्या काळात कुणी काहीही कबूल करतं. गाण्याचे शब्द-चाल यांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. जोडीनं बांधलेल्या पाच गाण्यांत कोणी किती टक्के, हे प्रत्येक गाण्यापुढं लिहून सह्या घ्या. एका अल्बमच्या वेळी हे राहिलं, आणि ध्रुवपदाची दुसरी ओळ कुणाची यावरून दोन चांगल्या मित्रांची बोलाचाली अजून बंद आहे.

पारंपरिक गाण्यांची चाल कुणाच्या मालकीची नसली तरी तुम्ही ती कुणाच्या रेकॉर्डिंगवरून उचललीत ते आठवा. त्यांनी घातलेलं कडवं किंवा बदललेली चाल त्यांची असू शकते. तुमची स्वतःची मांडणी असेल तर ती तुमच्या नावावर नोंदवा.

स्ट्रीमिंगवर टाकताना प्रत्येक गाण्याला गायकाचं नाव कलाकार म्हणून जोडा, आभाराच्या यादीत नुसतं टाकू नका. गाणं मग त्यांच्या पानावरही दिसतं. आम्ही ते आपणहून लोकांना ऐकवतो, त्यात तुमचाच फायदा.

---

अनवट

खूप आभार. खूण काढली. काढल्यावर दोन गाण्यांत भोकं पडली, तिथं क्लॅरिनेटला एक लांब सूर दिलाय. (हो ताई, कळतंय मला. एकच सूर आहे.)

काळी चार तशीच ठेवतोय, चाल व्हायोलाकडे. एक सुचलं: वाद्यांचे दोन तुकडे मी आरंभी आणि अखेरीस ठेवले होते. ते आत घेऊन पट्टी बदलायला वापरले तर? दणाणणारा पांढरी दोनमध्ये (डीमध्ये) संपतो, पुढं लगेच काळी चार. कानाला ठेच लागते.

---

मागची_रांग

घ्याच आत. डी मेजरच्या शेवटच्या सुरांपैकी फक्त पंचम, म्हणजे ए, धरून ठेवा. तोच अर्धा सूर खाली सरकला की ए फ्लॅट, तिचा षड्ज. सरकवण्याचं काम चेलोला द्या, आणि तिची गिटार सुरू झाल्यावर चेलो लगेच थांबवा.

क्लॅरिनेटचा तो एक सूर किती बारचा आहे?

---

अनवट

आठ.

---

मागची_रांग

चार करा.