वाहून गेलेल्या गाईचा बिल्ला कुठून आणायचा?

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या दोन गाई आणि तीन महिन्यांचं वासरू गेलं. एक गाय दाव्यालाच मेली. तिच्या कानात नंबरचा बिल्ला होता, पंचनामा झाला, ३७,५०० जमा झाले. दुसरी आणि वासरू वाहून गेलं, त्यांना बिल्ला नव्हता. म्हणजे कागदावर ती जनावरं नव्हतीच! टॅगिंगशिवाय, म्हणजे बिल्ला मारल्याशिवाय, भरपाई नाही हा १ जून २०२४ पासूनचा नियम पुरात तरी लावू नये, असं माझं मत आहे. खुंटे तीन आहेत, शेजारी सांगतायत, अजून काय पाहिजे?

पगारदार पुणेकर
वाईट झालं. पण खुंटे काय, दहाही ठोकता येतात. बिल्ला फुकट मारून देतात आणि तुमच्या हातात सव्वा वर्ष होतं.

सीनाकाठ
फुकट आहे हो, मारणारा गोठ्यापर्यंत यायला नको का? दोनदा निरोप दिला. आणि वासरू जन्मलंच जूनमध्ये.

पगारदार पुणेकर
३७,५०० ही गाईची किंमत नाही, मदत आहे, हेही लक्षात घ्या. केंद्राच्या निकषात आधी ३०,००० होते, २०२२ मध्ये वाढले. मोठ्या जनावरांना तिनाची मर्यादा होती, तीही या पुराच्या मदत पॅकेजमध्ये काढली. पूर्ण किंमत हवी तर विमा उतरवा.

सीनाकाठ
विम्याला पण आधी बिल्लाच लागतो, साहेब.

वाड्यावरचा
गाईचं निदान कुणी बोलतं तरी. मेंढीला ४,००० आहेत, तेवढ्यात आज बाजारात कोकरू तरी येतं का बघा. आम्ही फिरस्ते. रेशनकार्ड एका तालुक्यात, मेंढरांचा वाडा दुसऱ्याच्या रानात. मेंढरं मेली तिथला तलाठी म्हणतो तुमच्या गावाला जा. गावचा म्हणतो माझ्या सज्जात, माझ्या हद्दीत, कुठं मेली? तिसऱ्या दिवशी वास सुटला, पुरून टाकली. आता म्हणतात शवविच्छेदनाचा दाखला आणा.

निवृत्त पशुवैद्य
दोन्ही बाजू पाहिल्यात. एकच मेलेली म्हैस दोन गोठ्यांत फोटोला उभी, म्हणजे आडवी, केलेली मी स्वतः पकडली आहे. त्यामुळे नियम काढून टाका म्हणणार नाही. बिल्ल्याचा बारा आकडी नंबर ऑनलाइन नोंदीत राहतो, मढं नाही सापडलं तरी भरपाईच्या दाव्याला आधार मिळतो. (कुंपणाला घासून बिल्ला पडतो, म्हणून नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.)

पण बिल्ला नसला की पुरावाच नाही, हे चूक. संकलन केंद्राचं दहा दिवसांचं दूधबिल बघा. पुराआधी रोज तीस लिटर घालणारा पुरानंतर शून्यावर आला, तर ते दूध काय खुंट्यानं दिलं होतं? पंचनाम्याला हे बिल जोडून घ्यायला काय हरकत आहे?

पगारदार पुणेकर
दूधबिलाचं पटलं. ते मागच्या तारखेनं बनवणं अवघड. पण वासरू कुठं दूध देतं? त्याचे २०,००० कशावर द्यायचे?

निवृत्त पशुवैद्य
गाईची कृत्रिम रेतनाची पावती असेल ना? त्या तारखेत सव्वानऊ महिने मिळवा.

सीनाकाठ
पावती पत्र्याच्या पेटीत होती डॉक्टर, पेटीच गेली. रेतन करणाऱ्याच्या वहीत नोंद असेल कदाचित. सकाळी त्याच्याकडे जाऊन येतो.

वाड्यावरचा
आमच्याकडं मेंढाच असतो, तो कसली पावती देणार!