हिशेबाच्या वह्या आधी काढा
धंदा बंद पडला की नुसता तोटा मोजायचा, दुसरं काय, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. २५ मार्च २०२० ला कोरोनाची टाळेबंदी लागली आणि जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला आमची केळी वेफर्सची कढई थंडावली. रिकामपणी तीन वर्षांच्या वह्या तपासल्या. नऊ प्रकार करत होतो, पैसा सुटत होता तो खारट आणि मिरीच्या वेफर्समध्येच. बाकीचे प्रकार नुसतं तेल खात होते. (आई हे कधीपासून सांगत होती.) शेजाऱ्यांची कच्ची केळी पडून होती, ती पिकली की वेफर्सला निरुपयोगी. म्हणून पिकायच्या आत त्यांचे काप करून मे महिन्याच्या उन्हात वाळवले, चक्कीवर दळले. उपवासाचं ते पीठ आजही विकतोय. तुम्हीही किलोमागे तेल किती जातं, ते आधी लिहून काढा.