गिनीची अंडी गावरान कोंबडीखाली हलवू का? सहा-आठच दिवस हातात आहेत

नमस्कार. आम्ही माण तालुक्यात वस्तीवर राहतो. सात गिनी (गिनी फाउल, कोंबडीसारखे पक्षी) आहेत, दिवसभर मोकळ्या. गोचीड, नाकतोडे, वाळवी वेचत रानभर हिंडतात आणि साप-मुंगूस दिसलं की असा कालवा करतात की घरातलं माणूस बाहेर येतंच. तिन्हीसांजेला सासूबाई मूठभर बाजरी टाकतात, त्या आशेनं परत येतात.

तीन आठवड्यांमागे एक कमी भरली. दोन सुरांत फक्त मादी ओरडते, त्यावरून मादीच गेलीय हे कळलं. शोधल्यावर घाणेरीच्या जाळीत बसलेली सापडली, खाली २२ अंडी. एकटीची नाहीत, दोघीतिघींनी एकाच जागी घातलेली. आज बसून २० दिवस झाले. कोंबडीची २१ दिवसांत फुटतात, गिनीला २६ ते २८ लागतात.

गेल्या श्रावणात १४ पिल्लं निघाली होती. आईनं पहाटेच ओल्या गवतातून फिरवली. गारठून पडलेली मी पदरात गोळा करून चुलीपाशी ठेवली, तरी आठवड्यात दोनच उरली. यंदा ते बघवणार नाही.

एक गावरान कोंबडी पाच दिवसांपासून खुडूक (अंडी उबवायला बसलेली) आहे, रिकाम्या पाटीतून उठत नाही. तिच्याखाली अंडी ठेवली तर इतक्या लवकर निघालेली पिल्लं ती घेईल का? की पिल्लं निघाल्यावरच उचलू? घरचे म्हणतात, हात लावू नको. मला पटत नाही. कुणी केलं असेल तर लवकर सांगा.

उत्तर:
ताई, आत्ताच हलवा. जाळीत बसलेली गिनी मुंगसाला, रानमांजराला आयती सापडते. दुपारी ती चरायला उठते तेव्हा अंडी काढा, उबदार कापडात गुंडाळून थेट खुडूक कोंबडीखाली सरकवा. २२ मावणार नाहीत. मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, आत काळी गच्च दिसतील तीच ठेवा. पाच दिवस पाटी न सोडणारी कोंबडी बहुतेक पिल्लं घेते. तरी पहिल्या दिवशी लक्ष ठेवा, टोचायला लागली तर पेटीत बल्ब लावून ऊब द्या. खाली कागद नको, पाय फाकतात, पोतं अंथरा. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. कोंबडीखाद्यापेक्षा जास्त प्रथिनाचं खाद्य लागतं, उकडलेलं अंडं कुस्करून द्या. आणि दव वाळेपर्यंत डालग्याबाहेर सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
आज दुपारी हलवली. १६ गच्च निघाली. कोंबडीनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं. गिनी जाळीपाशी बराच वेळ ओरडत होती, संध्याकाळी मात्र बाजरीला आली.