इंजिन उचललं आणि गाडीही उचलली गेली: घरी इंजिन उतरवल्याचे अनुभव सांगा

साताऱ्यात राहतो, माझ्याकडे २००३ ची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, एसी नसलेली. दोन वर्षं ऑइल खात होती. आता सकाळी सेल्फ मारला की समोरच्या घरातल्या खिडक्या फटाफट बंद होतात. मागून ठोकल्या गेलेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन मिळालंय, बिलासकट. गॅरेजवाला म्हणतो दोन दिवस गाडी ठेवा. पण मला आणि धाकट्या भावाला हे घरीच, अंगणात करायचंय. पाने आहेत, वेळ आहे, आणि बायको म्हणते तशी खाजही आहे.

क्रम तोंडपाठ आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह, मग पाणी आणि ऑइल, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सरचा पाइप, गिअरबॉक्स, शेवटी फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार. अंगणात जांभळाचं मोठं झाड आहे, त्याच्या आडव्या फांदीला चेन पुली लावायचा बेत आहे. (वर उचलायचं असलं तरी आपल्याकडे इंजिन ‘उतरवतात’ का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी लिहा. विशेष करून एक सांगा: सगळं सुटलं असं समजून तुम्ही साखळी ओढलीत आणि इंजिनाबरोबर गाडीचं नाकही वर यायला लागलं, तेव्हा काय सोडायचं राहिलं होतं?

रत्नागिरीहून

जांभूळ?? आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

कोल्हापूर, प्रीमियर पद्मिनी

आमच्याकडे राहिली होती अर्थची पट्टी. इंजिनाच्या ब्लॉकपासून बॉडीला जाणारी, तांब्याच्या जाळीची, तीस वर्षांच्या ऑइलमातीत अशी लपलेली की ती पट्टी आहे हेच कळत नव्हतं.

मी तेव्हा नववीत होतो. वडील शिक्षक, गाडी दुसऱ्याकडून घेतलेली. पद्मिनीचं इंजिन म्हणजे १०८९ सीसी, चार सिलिंडर, गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं, मागच्या चाकांना जोर. बॉनेट आणि रेडिएटर काढला की समोर मोकळं मैदान. आजच्या गाड्यांमध्ये हात घालायला जागा नसते, तिथे आम्ही दोघं भावंडं इंजिनाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून काम करत होतो. चेन पुली उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतून एका दिवसाच्या बोलीवर आणली आणि सोप्याच्या तुळईला लावली. तुळई सागाची, वीतभर जाड. तरी वडिलांनी आधी दोन पोती सिमेंट लटकवून रात्रभर ठेवलं होतं.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा होता. इथे एक चूक झाली असती ती शेजारच्या मिस्त्रींनी वाचवली. इंजिन सुटायच्या आधी गिअरबॉक्सखाली जॅक लावा, नाहीतर सगळं वजन पुढे आलेल्या शाफ्टवर येतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. इंजिन आधी सरळ पुढे यायला हवं, चांगलं वीतभर, मगच वर. घाईने आधी वर ओढलं की काम वाढलं.

सिलिंडरचं बोअरिंग उद्यमनगरातच झालं. चार दिवसांनी इंजिन परत आलं आणि खरा खेळ सुरू झाला. क्लच प्लेट अगदी मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. त्यासाठी मेकॅनिक जुना शाफ्ट वापरतात, तो आमच्याकडे कुठला. वडील प्लेट आणि फ्लायव्हीलमधल्या बुशाचं माप घेऊन सुताराकडे गेले आणि सागवानाचा पायरी-पायरीचा एक दांडा कातून आणला. तो आत घालून प्रेशर प्लेट आवळली, दांडा काढला, इंजिन पहिल्या खेपेला बसलं. दांडा अजून घरात आहे. भाचरं त्याला विटी समजतात.

ठाणे, झेन

मी गाडीला हात लावलेला नाही, पण भोगलंय मी. त्यामुळे लिहिण्याचा हक्क माझाही आहे.

इंजिन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं. भाड्याच्या चाकांच्या क्रेनने, एका रविवारी, चहाच्या सहा फेऱ्यांमध्ये. सोमवारी सकाळी पेव्हर ब्लॉकवरच्या ऑइलच्या डागाबद्दल नोटीस लागली. आमचं नाव नव्हतं, फक्त गाडीचा नंबर होता. मग इंजिन लिफ्टने चौथ्या मजल्यावर आलं आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या बाल्कनीत राहिलं. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी ते वॉशिंग मशीन म्हणून सांगितलं, वर चादर होती.

आता कामाचं. नवऱ्याने माझे श्रीखंडाचे सगळे डबे पळवले आणि प्रत्येकात बोल्ट भरून वर मार्करने लिहिलं: ‘सेल्फ’, ‘वॉटर पंप’, ‘गिअरबॉक्स’. पेट्रोलने बरबटलेल्या हातांनी ते डबे दोन महिने हाताळल्यावर काय होतं? अक्षरं पुसली जातात. अकरा डबे, सगळे कोरे. शिवाय गिअरबॉक्सचे बोल्ट सगळे सारखे नसतात, काही लांब, काही आखूड. आखूड भोकात लांब बोल्ट आवळला की ॲल्युमिनियमला तडा जातो, आणि तो गेलाच. वेल्डिंगवाल्याचे पैसे कोणत्या खात्यात टाकायचे यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

दुसऱ्यांदा (हो, दुसऱ्यांदाही झालं) मुलीने डोकं चालवलं. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाचा आकार काढला, जिथे बोल्ट असतो तिथे भोक पाडलं आणि निघेल तो बोल्ट त्याच जागी खोचून ठेवला. पुठ्ठ्याला मार्कर लागत नाही. आणि श्रीखंडाचे डबे मला परत मिळाले.

कुडाळ, ओम्नी

आमचा मामला उलटा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ते वर येतच नाही, खाली जातं. म्हणजे चेन पुली नको, पण गाडी भरपूर उंच हवी. सीट काढा, झाकण उघडा, वरून जे सुटतं ते सोडा, मग खाली जुना टायर सरकवून त्यावर इंजिन अलगद बसवा. टायरखाली गोणपाट घातलं की ओढत बाहेर येतं. आम्ही तिघं होतो, राहिली होती ॲक्सिलरेटरची केबल. इंजिन चार इंच खाली गेलं आणि पेडल आपोआप दाबलं गेलं. आत बसलेला पुतण्या केवढ्यानं ओरडला!

ओम्नीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. रेडिएटर पार पुढे आणि इंजिन मध्ये, त्यामुळे पाण्याचे पाइप लांबलचक. नवीन पाणी भरताना मध्ये हवा अडकते. आम्ही आनंदात सावंतवाडीपर्यंत गेलो आणि काटा लाल. पाणी भरपूर होतं, फिरत नव्हतं. नाक चढावर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, इंजिन थंड असल्यापासून चालू ठेवलं, बुडबुडे येऊन गेले, प्रकरण मिटलं.

न्यू जर्सी, सिव्हिक

इकडे मजुरी इतकी महाग की जुन्या गाडीचं इंजिन बदलून घेणं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून मी आणि ऑफिसातला एक तेलुगू मित्र. १९९८ ची सिव्हिक, क्रेन दिवसाच्या भाड्याने. क्रेन भारी होती, दोन टनांची, पण तिची चाकं लहान आणि माझा ड्राइव्हवे खडीचा. इंजिन हवेत लटकलेलं आणि क्रेन जागची हलेना. शेवटी प्लायवुडचे तक्ते पुढे टाकत, मागचे काढत, लग्नातल्या पायघड्यांसारखं ते इंजिन गॅरेजपर्यंत आणलं. तेव्हा आई आली होती सांगलीहून. खिडकीतून बघत म्हणाली, “नवरी वजनदार दिसते.”

एसीच्या गॅसबद्दल. तो इथे हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे आणि काढून द्यायला दुकानवाला वेगळे पैसे घेतो. पण पाइप उघडायची गरजच नसते. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढायचे आणि पाइपांसकट तो बाजूला तारेने बांधून ठेवायचा. पाइपवर लोंबकळत सोडू नका.

राहिला होता इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या भागाच्या) मागचा वायरिंगचा एक कनेक्टर. हाताला लागत नव्हता, म्हणून डोक्यातूनही गेला. इंजिन वर गेलं आणि टक्क असा आवाज. एवढ्याशा प्लास्टिकसाठी जंकयार्डात अख्खा शनिवार.

नगर जिल्हा, जीप

जांभळाला चेन पुली लावू नका, फांदी मोडेल, रत्नागिरीकरांचं बरोबर आहे. गावात बोअरची मोटर काढणारे असतील ना? त्यांच्याकडे लोखंडी पाइपांची तिपाई आणि चेन पुली असते. दीडदोनशे फूट पाइपासकट मोटर ओढणाऱ्या तिपाईला तुमच्या ८०० चं इंजिन म्हणजे किरकोळ. आम्ही जीपचं प्यूजोवालं २११२ सीसीचं डिझेल इंजिन तिनेच काढलं, आणि ते काही हलकं प्रकरण नाही. युक्ती एवढीच की इंजिन वर आल्यावर तिपाई हलवायची नाही. जीप मागे ढकलायची. चार पोरं लागतात आणि हँडब्रेक काढलाय हे बघणारा एक शहाणा. आमच्या वेळी तो शहाणा चहा आणायला गेला होता, म्हणून अर्धा तास आम्ही जीपला शिव्या घालत होतो.

पण मला लिहायचंय ते कागदांबद्दल. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड बदललं तर काही फरक पडत नाही, पण हाफ इंजिन (हेड सोडून खालचं, ब्लॉकसकट) किंवा पूर्ण इंजिन बदललं की आरसी बुकातला नंबर आणि गाडीतला नंबर वेगळे झाले. आम्ही ‘बघू नंतर’ म्हणून सोडून दिलं. नंतर म्हणजे पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर, रिपासिंगच्या दिवशी. इन्स्पेक्टरने चिंधीने ब्लॉक पुसला, नंबर वाचला, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ज्याच्याकडून इंजिन घेतलं तो भंगारवाला तोवर दुकान बंद करून गेला होता, बिल नव्हतं. चोरीचं इंजिन नाही हे सिद्ध करायला किती खेपा झाल्या ते सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे हे: आधी परवानगी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. बिल आहे म्हणालात, उत्तम. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची झेरॉक्सही आत्ताच मागून घ्या. आज तो माणूस फोन उचलतोय, उद्याचं काय माहीत.

स्टुटगार्ट

शेजारच्या जर्मन आजोबांची जुनी बीटल. इंजिन मागे, हवेने थंड होणारं, गिअरबॉक्सला चार बोल्टनी धरलेलं. पाणी नाही, रेडिएटर नाही, होज नाहीत. आजोबांनी जॅक लावला, सोडलं, उतरवलं, जेवणाआधी. मी पाना धरून उभा होतो, मागितलाच नाही. काहीही राहिलं नव्हतं.

नाशिक, आयटीआयमध्ये शिकवतो

वाचून गंमत वाटली, धडकीही भरली. बारा वर्षं पोरांना हेच सांगतोय, तुम्हालाही सांगतो. गाडी विटांवर ठेवायची नाही. वीट वजन धरते, धरते आणि न सांगता फुटते. घोड्या (गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड) आणा, नाहीतर लाकडी स्लीपरचे तुकडे. नायलॉनचा दोर नको, ताणला जातो आणि गाठ सरकते. साखळी वापरा, इंजिनाच्या दोन तिरक्या टोकांना, आणि बोल्ट पूर्ण आत गेला पाहिजे, चार आट्यांवर लटकवायचं नाही. लटकत्या इंजिनाखाली हात नाही, बोट नाही, पडलेला वॉशर उचलायलासुद्धा नाही. माझ्या डाव्या मधल्या बोटाचं नख एका वॉशरसाठी गेलं. वॉशर आठ आण्यांचा.

आणि बसवताना इंजिन-गिअरबॉक्समध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नका. फट राहते कारण शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या दात्यांत बसलेले नाहीत. क्रँक पान्याने थोडा फिरवा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाक हलवा, आपोआप बसेल. तोंडाला तोंड हाताने लागलं की मगच बोल्ट.

पुन्हा सातारा, मारुती ८००

झालं. सगळ्यांचे आभार, आणि आजीचे विशेष. रत्नागिरीकरांनी सांगितल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, “जांभळावर मी पोरांना चढू दिलं नाही, तुझ्या मशीनला कशी चढू देईन?” बोअरवाल्यांची तिपाई आणली. त्यांनी भाडं नको म्हटलं, पण स्वतः बघायला आले आणि संध्याकाळपर्यंत बसले.

गिअरबॉक्स आधी खालून काढला. चाकाचा शाफ्ट ओढताना गिअर ऑइलची धार भावाच्या बाहीत गेली, कारण ऑइल आधी काढायचं हे कोणी लिहिलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. मग साखळी ओढली. इंजिन इंचभर वर आलं, आणि गाडीही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी अर्थची पट्टी बघितली, सुटलेली. केबल, सुटलेली. कनेक्टर, सुटलेले. शेवटी आजीनं काठीने दाखवलं, “ती नळी कुठं चाललीय?” हीटरची. आमच्या ८०० मधला हीटर वीस वर्षांत एकदाही लावलेला नाही, म्हणून तो आहे हेच आम्ही विसरलो होतो.

पुठ्ठ्याची युक्ती वापरली, एकही बोल्ट उरला नाही. फट राहिली होती, चाक हलवल्यावर गेली. रविवारी संध्याकाळी प्लग काढून, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारला, ऑइलचा दिवा विझला, मग प्लग लावले. तिसऱ्या सेल्फला चालू झाली. समोरच्या घरातली एक खिडकी उघडली.

बिल आहे, त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स घेतली, आरटीओची तारीख पुढच्या बुधवारची आहे. बोअरवाल्यांना तिपाई शुक्रवारी परत करायची आहे. साताऱ्यात किंवा कोरेगावकडे कोणाला इंजिन उतरवायचं असेल तर त्याआधी कळवा.