मदत हवी आहे : बोटीच्या ट्रोलिंग मोटरला नवीन वायर टाकतोय, किती गेजची घेऊ?

नमस्कार मंडळी, मिनेसोटात किंवा आसपास बोटीतून मासेमारी करणारं कोणी आहे का इथे? मागच्या उन्हाळ्यात १६ फुटी ॲल्युमिनियमची सेकंडहँड बोट घेतली. मागे पेट्रोल इंजिन, पुढच्या टोकाला मिन कोटा कंपनीची ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याचा जोर) १२ व्होल्ट ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, आवाज न करता बोट हळूहळू सरकवायला.

सप्टेंबरात लेकीला घेऊन मिल लॅक्स तलावावर गेलो होतो, वारा सुटला म्हणून मोटर फुल स्पीडला टाकली तर दहा मिनिटांत जोरच कमी झाला आणि पुढचा प्लग इतका तापला की हात लावता येईना. कसंबसं इंजिन चालू करून काठाला आलो. पोरगी बरोबर होती म्हणून जास्तच धसका घेतला.

घरी येऊन फळी उचकटली तर आत १० गेजची वायर (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), मध्येच पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि ब्रेकर कुठेच नाही! सगळं काढून टाकलं. आता मे महिन्यात सीझन उघडायच्या आत नीट करायचंय.

बॅटरी मागे आहे, तिथून पुढच्या प्लगपर्यंत कडेकडेने मोजलं तर १७ फूट. मोटर जास्तीत जास्त ५० ॲम्पिअर खेचते. मॅन्युअलच्या तक्त्यात १० फुटांना ६ गेज आणि १५-२० फुटांना ४ गेज दिलीय, ब्रेकर ६० ॲम्पिअरचा. ६ गेज स्वस्त आहे आणि वळतेही सहज, तर ती चालेल का? ब्रेकर पुढे लावू की मागे? आणि फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राची, वायर यातूनच नेली तर?

प्रतिसाद १
६ नको. जाऊन-येऊन ३४ फूट धरा, ५० ॲम्पिअरला ६ गेजमध्ये साधारण ०.६७ व्होल्ट वायरीतच जातात, ४ गेजमध्ये ०.४२. तुमच्या जुन्या १० गेजमध्ये १.७ जात होते, तेही जोड धड असता तर, मग प्लग तापणारच. आणि घेताना कल्हई केलेली, नुसत्या तांब्याची मरीन वायरच घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळते तिच्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो.

ब्रेकर मागेच, बॅटरीच्या प्लसजवळ. पुढे लावलात आणि मध्ये कुठे वायर घासून बोटीच्या पत्र्याला लागली तर तो काहीच वाचवणार नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. पेट्रोलची टाकी मागेच असेल ना? मग ब्रेकरवर इग्निशन प्रोटेक्टेड लिहिलंय का ते बघूनच घ्या, वाफेत ठिणगी नको. फिशफाइंडर इंजिनच्या बॅटरीवर घ्या आणि त्याची वायर दुसऱ्या कडेने न्या, नाहीतर मोटर चालू केली की स्क्रीनवर नुसत्या रेघा येतात.

दुसरा मार्ग म्हणजे १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी पुढेच ठेवायची. वजनाला लेड-ॲसिडच्या निम्मी असते आणि ५ फुटांत ८ गेजवर भागतं. पण गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नाही, हे तिकडच्या थंडीत लक्षात ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लिथियम यंदा बजेटमध्ये बसत नाही, ४ गेजच मागवतो, लाल आणि काळी २०-२० फूट. जुनी वायर ओढताना तिच्यामागे नायलॉनची दोरी बांधली होती ती आतच आहे, तिनेच नवी ओढून घेईन. आता एकच विचारायचंय, टोकाच्या लग्जना (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) हातोडीने ठोकायचा क्रिंपर, म्हणजे त्या वायरीवर दाबून बसवायचं अवजार, चालतो का, की हायड्रॉलिक कोणाकडून तरी मागून आणू?

प्रतिसाद १
हायड्रॉलिकच आणा. दाबून झाल्यावर लग जोर लावून ओढून बघा, जरा जरी हलला तर कापून परत करा, आणि वरून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा म्हणजे पाणी शिरणार नाही.