हार्वर्ड-येल फुटबॉल, १८९४ : विद्यार्थ्यांची पत्रे, रोजनिश्या कुठे मिळतील?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कॉलेज-जीवनावर मराठीत लेख लिहितो आहे. गाडी हार्वर्ड आणि येलच्या फुटबॉलपाशी अडली आहे. (हा सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ.) पहिला सामना १८७५ चा, न्यू हेवनला. २४ नोव्हेंबर १८९४ ला स्प्रिंगफील्डच्या हॅम्पडेन पार्कवर येल १२-४ ने जिंकले, पण खेळाडू इतके जखमी झाले की १८९५ आणि १८९६ मध्ये सामनाच झाला नाही.

'हार्वर्ड क्रिमसन' आणि 'येल डेली न्यूज' या विद्यार्थी-दैनिकांचे जुने अंक ऑनलाइन चाळले. सामन्याची हकीकत भरपूर आहे. मला मात्र प्रेक्षक-विद्यार्थी हवा आहे: तो स्प्रिंगफील्डला कसा गेला, तिकिटाचे पैसे कुठून आणले, सामने थांबल्यावर खोलीत मित्रांशी काय बोलला. माझ्या दृष्टीने लेखाचा जीव तिथेच आहे.

नंतर लिहिलेल्या आठवणी नकोत, त्याच काळातले लेखन हवे. मी भारतात आहे, तिकडे जाणे शक्य नाही. सशुल्क संग्रहही परवडणारे नाहीत. इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते, त्यामुळे नुसती स्कॅन केलेली पाने चालतील.

१८९४ ते १८९७ मधली अशी पत्रे किंवा रोजनिश्या मोफत कुठे पाहता येतील, आणि ग्रंथपालांना ईमेल करायचा तर नेमके काय मागावे?